शाली पुरे झाल्या!

पुन्हा एकदा मांडव उभा राहील. जागतिक महिला दिन असो, 29 ऑगस्टचा राष्ट्रीय क्रीडा दिन असो, की खाशाबा जाधवांच्या जन्मदिनी 15 जानेवारीला साजरा होणारा राज्य क्रीडा दिन असो, तालुक्याच्या गावी शाळेच्या पटांगणात हा सोहळा ठरल्या साच्याने पार पडतो. सकाळी आठापासून मुली रांगेने उन्हात बसवलेल्या असतात. प्रमुख पाहुणे अकरा वाजले तरी येत नाहीत, आणि आले की त्यांना ओवाळण्याचे, स्वागतगीत म्हणण्याचे आणि पाण्याचे पेले फिरवण्याचे काम पुन्हा मुलींकडेच येते. मग एखाद्या नामवंत महिला खेळाडूच्या खांद्यावर शाल पडते, हातात श्रीफळ येते, सन्मानचिन्हावर तिच्या नावाचा ऱ्हस्वदीर्घ चुकलेला असतो, आणि ध्वनिक्षेपकातून ते चिरपरिचित वाक्य गडगडते : मुलींनो, हिचा आदर्श घ्या! दुसऱ्या दिवशी मांडव उतरतो, खुर्च्यांचा टेम्पो निघून जातो आणि मागे राहतात खांबांसाठी पहारीने पाडलेले खड्डे. ते नेमके त्या पट्ट्यात असतात, जिथे मुली फक्कीच्या रेघा मारून शंभर मीटर धावतात. ते बुजवण्याची आठवण कोणालाही होत नाही. त्या खड्ड्यात जिचा पाय मुरगळतो, तिलाच आपण काल आदर्श घ्यायला सांगितलेले असते.

हे चित्र ज्यांना अतिशयोक्त वाटते त्यांनी आपल्या गावातल्या शाळेच्या पटांगणावर जाऊन एकदा चालून यावे. आमचा आक्षेप सत्काराला नाही. गुणवंतांचा गौरव करणे हे सुसंस्कृत समाजाचे लक्षण आहे आणि महाराष्ट्राला ते लक्षण शिकवण्याची गरज नाही. आमचा आक्षेप आहे तो गौरवाच्या आडोशाने चाललेल्या पलायनाला. एखादी मुलगी सर्व अडथळे ओलांडून शिखरावर पोचली, की तिच्याकडे बोट दाखवून आपण इतर हजारो मुलींना सांगतो, पाहा, ती पोचली ना, मग तुम्हाला काय झाले? आणि असे म्हणताना ते अडथळे उभारणारे आपणच आहोत, तिच्या यशात आपला वाटा केवळ टाळ्यांचा आहे आणि तिच्या कष्टांत मात्र भरभरून आहे, हे सत्य आपण त्याच शालीखाली झाकून टाकतो. या राज्यात आदर्शांचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो लाजेचा.

15 ऑगस्ट 2016 हा दिवस आठवा. स्वातंत्र्यदिनाची ध्वजवंदने आटोपली होती, आणि त्याच दिवशी रिओ दि जानेरोच्या ऑलिंपिक मैदानावर तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीसाठी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर उभी राहिली. दोनच दिवस आधी प्राथमिक फेरीत तिने 9 मिनिटे 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता. 1984 साली लॉस एंजेलिसला पी. टी. उषा चारशे मीटर अडथळ्यांच्या अंतिम फेरीत धावली होती. त्यानंतर तब्बल 32 वर्षांनी ऑलिंपिकच्या धावपट्टीवरील वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ललिता ही पहिली भारतीय महिला. ज्या शर्यतीत ती उतरली ती पुरुषांसाठी विसाव्या शतकाच्या आरंभापासून होती, पण महिलांना ऑलिंपिकमध्ये तिचे दार उघडायला 2008 साल उजाडावे लागले. या शर्यतीत 28 अडथळे ओलांडायचे असतात आणि सात वेळा पाणी. जड लाकडी अडथळ्यावर पाय रोवायचा, पलीकडच्या पाण्यात झेपावायचे आणि भिजून जड झालेल्या बुटांनी पुन्हा वेग पकडायचा. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत होरपळणाऱ्या, टँकरच्या खेपा मोजत आणि जनावरे छावणीला बांधत उन्हाळे काढणाऱ्या माणदेशाची लेक जगातल्या उत्तमोत्तम धावपटूंच्या बरोबरीने सात वेळा पाण्यावर झेपावली. ती दहावी आली.

दहावी! या एका शब्दापाशी आमचा उत्साह मावळला. त्याच आठवड्यात साक्षी मलिकने कुस्तीत कांस्य आणि पी. व्ही. सिंधूने बॅडमिंटनमध्ये रौप्य जिंकले, देश त्या दोघींच्या कौतुकात न्हाऊन निघाला, आणि ते योग्यच होते. पण खो-खोच्या मैदानावरून निघालेली, शाळेच्या पटांगणातून ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचलेली एक शेतकऱ्याची मुलगी जगात दहावी येते, या घटनेचा अर्थ समजून घेण्याची कुवत आम्ही दाखवली नाही. पदक हे कपाटात ठेवता येते, त्याच्यासोबत छायाचित्र काढता येते. दहावा क्रमांक मात्र प्रश्न विचारतो. तो विचारतो की, माणच्या मातीत ही ताकद असेल तर तिच्या मागून येणाऱ्या दहा जणी कुठे आहेत? तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला पाण्याचा अडथळा ओलांडण्याचा सराव करायचा असेल तर तिने घरापासून किती कोस दूर जायचे, कोणाच्या सोबतीने, कोणाच्या खर्चाने? ज्या गावाला हंड्यातले पाणी जपून वापरावे लागते तिथे अडथळ्यापलीकडचे पाणी कोण भरून देणार? या प्रश्नांना उत्तर देण्यापेक्षा कमान उभारणे सोपे होते. आम्ही कमान उभारली.

आणि आमच्या कौतुकाची भाषा तरी काय असते? नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊतने 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. राष्ट्रकुल स्पर्धेत धावपट्टीवरचे वैयक्तिक पदक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्य मिळवले आणि 2012 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. 'सावरपाडा एक्स्प्रेस' हे नाव सर्वांच्या तोंडी झाले. पण तिच्यावरचे कोणतेही भाषण ऐका. वक्ता तिच्या शर्यतीच्या वेळा सांगत नाही, तिच्या सरावाचे वेळापत्रक सांगत नाही, अखेरच्या फेऱ्यांत ती वेग कसा राखत असे हे सांगत नाही. तो सांगतो की ती अनवाणी धावली आणि लहानपणी डोक्यावर हंडे घेऊन दुरून पाणी आणत असे. हे सांगताना त्याचा कंठ दाटून येतो, सभागृह हळहळते आणि मग टाळ्यांचा कडकडाट होतो. कशाबद्दल या टाळ्या? स्वातंत्र्याला कित्येक दशके उलटूनही एका मुलीच्या पायात बूट नव्हते याबद्दल? पाड्यावर नळ पोचला नव्हता याबद्दल? ज्या गोष्टीने मान खाली जावी ती गोष्ट आम्ही छाती फुगवून सांगतो, दारिद्र्याला साधना म्हणतो आणि अनास्थेला संस्कार. अनवाणी पाय हा तिचा अलंकार नव्हता. तो आमचा अपराध होता.

तो अपराध भूतकाळात जमा झाला असे म्हणण्याचीही सोय नाही. कविताच्या पदकाला दशक उलटून गेल्यावर त्याच त्र्यंबकेश्वर तालुक्यातील शेंद्रीपाड्यावरच्या स्त्रिया तास नदीच्या खोल घळीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून, डोक्यावर हंडे तोलत, पाण्यासाठी ये-जा करीत होत्या. छायाचित्रे प्रसिद्ध झाली, शासनाला जाग आली, 2022 च्या जानेवारीत लोखंडी पूल बसला आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो वाहून गेला. त्या बल्ल्यांवरून चालणाऱ्या स्त्रियांचा तोल, त्यांच्या पोटऱ्यांतले बळ आणि त्यांचा दम एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाने पाहिला असता तर तो थक्क झाला असता. त्यांच्यात किती कविता होत्या, हे आता कोण मोजणार? ज्या देहाला पदकाची योग्यता होती त्या देहाला आम्ही पाणक्याच्या कामाला जुंपले, आणि वर तीच हमाली क्रीडागुणांची पाठशाळा म्हणून मिरवली. यापरते ढोंग ते कोणते?

खेळाडू मुलींच्या वाट्याला येणारी ही अनास्था आणि हा दुजाभाव आजचा नाही. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाण्यासाठी खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले. ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे, पाठ असलीच पाहिजे. पण त्याच वर्षी, त्याच हेलसिंकीला, वांद्र्याची मेरी डिसूझाही गेली होती. भारताकडून ऑलिंपिकच्या मैदानावर धावलेल्या पहिल्या महिलांपैकी ती एक. 1951 साली दिल्लीत झालेल्या पहिल्याच आशियाई स्पर्धेत तिने वैयक्तिक कांस्य आणि रिलेचे रौप्य मिळवले होते, ती देशासाठी हॉकीही खेळली. तिच्याकडेही प्रवासाचे पैसे नव्हते; तिच्या स्नेह्यांनी नृत्याचे आणि पत्त्यांच्या खेळाचे कार्यक्रम ठेवून निधी जमवला. तिला ध्यानचंद पुरस्कार मिळाला 2013 साली, म्हणजे हेलसिंकीनंतर 61 वर्षांनी. वरातीमागून घोडे म्हणतात ते यालाच. आज महाराष्ट्रातल्या कोणत्याही शाळेत जाऊन मेरी डिसूझा कोण, हे विचारून पाहा. मुलींना आदर्श घ्या म्हणून सांगणाऱ्या शिक्षकांना तरी विचारा.

क्रिकेटचे उदाहरण देऊन आता आमचे तोंड बंद करण्याचा प्रयत्न होईल, हे आम्ही जाणतो. 2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक उंचावला. त्याआधी उपांत्य सामन्यात मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियासारख्या बलाढ्य संघापुढे नाबाद 127 धावा केल्या. सांगलीची स्मृती मानधना घराघरांत पोचली. तो आनंद आमचाही होता. पण त्या विजयावर हक्क सांगायला जी गर्दी उसळली, तिला आम्ही एक जुना हिशेब दाखवू इच्छितो. भारतातील महिलांची पहिली आंतरराज्य क्रिकेट स्पर्धा 1973 साली आपल्याच पुण्यात झाली. संघ होते तीन. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ आपल्या मुली भारताच्या नावाने खेळत राहिल्या, त्या रेल्वेच्या अनारक्षित डब्यातून क्रिकेटच्या पिशव्यांवर बसून प्रवास करीत, जमिनीवर सतरंजी अंथरून झोपत, एकमेकींची बॅट आणि पॅड वापरीत. देशातील सर्वांत श्रीमंत क्रीडा संस्थेने महिला क्रिकेटला आपल्या छत्राखाली घेतले ते 2006 मध्ये, आणि सामन्याचे मानधन पुरुषांच्या बरोबरीने देण्याची घोषणा केली ती 2022 मध्ये. म्हणजे बीज पेरले कोणी, पाणी घातले कोणी, आणि फळ पिकल्यावर झाडाखाली खुर्ची टाकून बसले कोण? मुंग्यांनी वारूळ बांधावे आणि आयत्या बिळात नागोबाने शिरावे, तशी ही गत आहे.

तेव्हा मूळ दुखण्याकडे या. मुलीच्या खेळाची हत्या राष्ट्रीय संघाच्या निवडीत होत नाही. ती शाळेच्या वेळापत्रकात होते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेच्या आवश्यक गोष्टींत क्रीडांगण लिहिलेले आहे, खेळाचे साहित्य लिहिलेले आहे, सहावी ते आठवीत शंभराहून अधिक विद्यार्थी असतील तर शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन शिक्षकही लिहिलेला आहे. कागदावर सारे यथासांग आहे. प्रत्यक्षात मात्र अनेक शाळांत खेळाचा तास गणिताला दिला जातो, परीक्षा जवळ आली की तो अदृश्य होतो, आणि उरलाच तर चेंडू मुलांकडे जातो व मुली भिंतीच्या सावलीत बसून राहतात. पटांगण सुट्टीत लग्नाला, निवडणुकीत सभेला, सणासुदीला वाहनतळाला आणि एरवी गावच्या ट्रॅक्टरला मोकळे असते. संध्याकाळी चार मुली खो-खो खेळायला आल्या की मात्र तिथे शिस्तीची आठवण होते आणि फाटकाला कुलूप लागते. क्रीडा प्रमाणपत्राचे मोल पालकांना कळते ते दहावीच्या वाढीव गुणांसाठी. खेळ हा त्या गुणांच्या खरेदीचा बाजार झाला, आणि खेळणारी मुलगी त्या बाजारात एक पावती झाली.

आणि घर? घराचा विषय निघाला की आपण सारे सोवळे नेसतो. लेक वाचवा, लेक शिकवा हे भिंतीवर रंगवलेले शब्द ज्यांना तोंडपाठ आहेत, त्या घरांत सकाळी सहाला मैदानावर जायचे तर मुलीने आधी केर काढावा, पाणी भरावे आणि भावाचा डबा करावा, ही अट असते. भावाच्या ताटात अंडे पडते, तिच्या ताटात उपदेश. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची 2019 ते 21 मधील पाचवी फेरी सांगते की महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. ज्या रक्तात लोहच नाही, त्या रक्ताकडून आम्ही सुवर्ण मागतो! हेच सर्वेक्षण सांगते की राज्यातल्या 20 ते 24 वयोगटातील स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न वयाची अठरा वर्षे पुरी होण्याआधीच उरकले गेले होते. ऊसतोडीच्या पट्ट्यात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कोयता पुरा करण्यासाठी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला बोहल्यावर उभे केले जाते. ज्या वयात धावपटूच्या देहाला बळ येऊ लागते, त्या वयात तिच्या गळ्यात मंगळसूत्र आणि खांद्यावर मोळी येते. आणि या साऱ्यातून वाचून जी मैदानावर पोचते, तिला तिथे कपडे बदलायला खोली नाही, स्वच्छतागृहाला कडी नाही. महिन्याच्या त्या चार दिवसांत काय करावे, हे विचारायला एक बाई नाही. चड्डी आखूड आहे, असे सांगायला मात्र अख्खी आळी हजर आहे.

याहून भयंकर गोष्ट अजून सांगायची आहे, आणि ती सांगताना लेखणी थरथरली तरी थांबता कामा नये. ज्या साक्षी मलिकच्या कांस्यपदकाने 2016 साली देश नाचला, जी ऑलिंपिक पदक जिंकणारी पहिली भारतीय महिला कुस्तीगीर, ती 2023 च्या जानेवारीत आपल्या सहकाऱ्यांसह दिल्लीच्या जंतर मंतरवर बसली. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप होते. त्या आरोपांचा निवाडा न्यायालयाच्या हाती आहे आणि तो तिथेच व्हावा. पण 28 मे रोजी, नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाच्या दिवशी, देशाला पदके देणाऱ्या कुस्तीगिरांना रस्त्यावरून फरफटत नेताना साऱ्या देशाने पाहिले, त्याचा निवाडा करायला कोणत्याही न्यायालयाची गरज नाही. त्याच वर्षी 21 डिसेंबरला पत्रकारांसमोर साक्षीने आपले कुस्तीचे बूट टेबलावर ठेवले आणि ती रडत उठून गेली. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचे लैंगिक छळापासून संरक्षण करणारा 2013 चा कायदा क्रीडा संस्था, मैदाने आणि स्पर्धास्थळे यांना स्पष्ट शब्दांत लागू आहे. तरीही देशाच्या क्रीडा महासंघांना तक्रार समिती कुठे आहे, अशी विचारणा मानवाधिकार आयोगाला करावी लागली. एका आदर्श खेळाडूला आम्ही बूट दिले नाहीत. दुसरीला ते काढून ठेवायला लावले.

मग आमच्या गावातल्या बापाने काय करावे? मुलीला चाळीस कोसांवरच्या शिबिराला पाठवताना प्रशिक्षक कोण आहे, रात्री मुक्काम कुठे आहे, काही वावगे घडले तर कोणाकडे जायचे, या त्याच्या प्रश्नांना ज्यांच्याकडे उत्तर नाही, त्यांनी त्याला मागासलेला म्हणण्याचे धाडस करू नये. त्याची भीती खरी आहे. ती भीती उपदेशाने जाणार नाही. मैदानाच्या फाटकावर तक्रार समितीच्या सदस्यांची नावे रंगवल्याने, शिबिरात महिला प्रशिक्षक नेमल्याने आणि गुन्हेगाराला, मग तो कितीही वजनदार असो, शिक्षा झाल्याने ती जाईल. आणि खेळून पुढे काय, हा त्याचा दुसरा प्रश्न. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव ठेवून महाराष्ट्राने एक चांगले पाऊल टाकले, आणि त्याच महाराष्ट्रात बनावट क्रीडा प्रमाणपत्रे दाखवून त्या जागा लाटल्याची प्रकरणे उजेडात आली. ज्यांनी आयुष्यात कधी मैदानाची धूळ अंगाला लावून घेतली नाही, ते धावणाऱ्यांच्या जागेवर खुर्ची टाकून बसले. चोरी करणाऱ्यांपेक्षा प्रमाणपत्रावर शिक्के उमटवणारे हात अधिक दोषी होते. त्या हातांचे पुढे काय झाले, हे विचारण्याची सवड सत्कार समित्यांना नाही.

काही शहाणे यावर म्हणतील की, इच्छाशक्ती असेल तर मार्ग निघतोच. सारिका काळेने नाही काढला? हो, काढला. उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, या मुलीने सुमारे दहा वर्षे दिवसातून एकदाच जेवण मिळत असतानाही खो-खो सोडला नाही. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी सुवर्ण जिंकले आणि 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. पण शहाण्यांनो, कथा अर्धीच का सांगता? सारिकेच्या कथेचा खरा बोध तिच्या उपासात नाही. तो पुढे आहे. ती तुळजापुरात तालुका क्रीडा अधिकारी झाली. उपाशी राहून खेळलेली मुलगी मैदानाच्या कारभाराच्या खुर्चीवर बसली, तेव्हा कोणत्या मुलीच्या पायात बूट नाहीत, कोणती न जेवता आली आहे आणि कोणती पुढच्या महिन्यात लग्नासाठी शाळेतून काढली जाणार आहे, हे ओळखायला तिला सर्वेक्षणाची गरज उरली नाही. आणि ज्या खेळासाठी ती उपाशी राहिली, त्याच खो-खोचा पहिला विश्वचषक 2025 च्या जानेवारीत दिल्लीत झाला आणि महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखालील भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला 78 विरुद्ध 40 असे हरवले. आदर्श व्यक्ती व्यासपीठावर बसवली की टाळ्या मिळतात, मैदानावर बसवली की खेळाडू मिळतात. प्रेरणा असते ती अशी. तिला पगार असतो, अधिकार असतो आणि खोलीची किल्ली असते.

म्हणून आमची मागणी भिक्षेची नाही, हिशेबाची आहे. ज्या ज्या तालुक्याने एखादी महिला खेळाडू घडवली म्हणून फलक लावला, त्या तालुक्याने तिच्या नंतर किती मुली मैदानावर आल्या, याचा आकडा त्याच फलकावर, तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहावा. शाळेचे पटांगण लग्नाला, सभेला आणि वाहनतळाला देणाऱ्याला आधी शाळेतल्या मुलींसमोर उभे करून कारण सांगायला लावावे. प्रत्येक क्रीडा संकुलात मुलींसाठी कडी असलेले स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली, संध्याकाळी दिवे आणि एक महिला प्रशिक्षक असेपर्यंत त्या संकुलाच्या उद्घाटनाची कोनशिला झाकून ठेवावी. खेळाडू मुलींचा आहार हा दानशूरांच्या मर्जीवर न सोडता अंदाजपत्रकात लिहावा. पदक मिळवून आलेल्या मुलीला नोकरी देताना टेबल, खुर्ची आणि धूळ खाणाऱ्या फायली देऊन तिला अडगळीत टाकू नये. तिच्या हाती मैदान, निधी आणि निर्णय द्यावा. यातली एकही गोष्ट चंद्रावरून आणायची नाही. या राज्यात बालेवाडीसारखे क्रीडानगर 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभे राहू शकले, तर तालुक्याच्या शाळेत स्वच्छतागृहाला कडी बसू शकत नाही, हे आम्ही मान्य करणार नाही.

या पापात आमचाही वाटा आहे, आणि तो लपवून इतरांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे आम्हाला शोभणार नाही. पदक मिळालेल्या दिवशी पहिल्या पानावर छायाचित्र छापणारे, दुसऱ्या दिवशी तिच्या लग्नाची चौकशी करणारे, आणि जिल्हास्तरीय मुलींच्या कबड्डीचा निकाल जागा उरली तर दोन ओळींत देणारे हात वृत्तपत्रांचेच आहेत. तीच गत वाचकांची. आपण सारे ललिताच्या, कविताच्या, स्मृतीच्या यशाने सद्गदित होतो. पण शेजारच्या घरातली मुलगी धावायला जाते म्हणून तिच्या आईला टोमणे ऐकावे लागतात तेव्हा गप्प बसतो. ज्या पुण्यात 1848 साली सावित्रीबाई मुलींना शिकवायला निघाल्या आणि लोकांनी त्यांच्यावर शेण फेकले, त्या पुण्याचे आपण वारस. आपण वारसा शेण झेलणाऱ्या बाईचा सांगतो, आणि फेकणाऱ्यांचे काम चालू ठेवतो. आता शेण हातात नसते एवढेच. आता ते जिभेवर असते.

मुलींना प्रेरणेची उणीव कधीच नव्हती. माणदेशातली पोर टँकरमागे धावताना ललिताचे नाव घेतच असते, आणि सांगलीतली पोर बॅट उचलते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर स्मृती असतेच. त्यांना डोळे आहेत, त्यांना स्वप्ने आहेत, त्यांच्या पायांत बळ आहे. कमी आहे ते आपल्या बाजूला. तेव्हा पुढच्या सोहळ्याचे निमंत्रण छापण्याआधी, पाहुण्यांच्या नावांचा क्रम ठरवण्याआधी, शालींची खरेदी करण्याआधी, एकदा फावडे घेऊन पटांगणावर या. गेल्या वर्षीच्या मांडवाचे खड्डे अजून तसेच आहेत. ते बुजवा.

मुली केव्हाच्या उभ्या आहेत.